वर्गात आणि वस्तीत, दोन्हीकडे चालणारा पेपर : आखणी कशी करावी?

संख्यारेषा

नमस्कार मंडळी,

आमच्या विभागात संख्याशास्त्राचा एक पेपर नव्याने आखायचं चाललं आहे. निम्मे तास वर्गात, निम्मे एखाद्या वस्तीत किंवा तिथे काम करणाऱ्या संस्थेबरोबर, आणि दोन्हीचे मिळून क्रेडिट. ऐच्छिक म्हणून हा पेपर मी आजवर शिकवत आले आहे. आता तो सगळ्यांना घ्यावा लागणार. विभागातला उत्साह पाहून आनंद होतो आणि धास्तीही वाटते, म्हणून हा धागा काढते आहे. इथे शिकवणारे आहेत, शिकणारे आहेत, संस्थांमध्ये राबणारेही आहेत. सगळ्यांनी मोकळेपणाने लिहावं.

आधी एक खुलासा, कारण आमच्या बैठकीतही गोंधळ इथेच झाला. श्रमदानाचं शिबिर वेगळं, इंटर्नशिप वेगळी आणि हे, म्हणजे सेवेतून शिक्षण (सर्व्हिस-लर्निंग), वेगळं. शिबिरात काम चांगलंच होतं, पण त्याचा शिकत असलेल्या विषयाशी संबंध असेलच असं नाही. इंटर्नशिप ही नोकरीची तयारी. इथे मात्र वस्तीतला खरा प्रश्न हाच अभ्यासक्रमातला एक धडा असतो. तो काढून घेतला तर पेपर शिकवताच येऊ नये. काढूनही सगळं सुरळीत चालत असेल तर वस्ती नुसती शोभेला जोडली आहे असं मी समजते.

उदाहरण सांगते. एका आरोग्य केंद्राला प्रश्न पडला होता की रक्तदाबाचे रुग्ण फेरतपासणीला का येत नाहीत. मुलांनी केंद्राच्या रजिस्टरांमधल्या नोंदी, नावं वगळून, संगणकावर उतरवल्या. फेरतपासणीच्या रकान्यात जिथे तारीख नव्हती तिथे त्यांनी 'आला नाही' असं भरलं. तक्ता तयार झाला, टक्केवारी निघाली. मग तो तक्ता घेऊन मुलं तिथल्या नर्सबाईंसमोर बसली. बाईंनी मूळ रजिस्टर उघडलं आणि एकेका ओळीवर बोट ठेवून सांगायला लागल्या. "या आजी आल्या होत्या की. डॉक्टर नव्हते त्या दिवशी, म्हणून गोळ्या देऊन पाठवलं, तारीख राहिली. यांच्या गोळ्या मुलगा येऊन घेऊन जातो. हे दुसरीकडे राहायला गेले. आणि हे वारले."

चारही ठिकाणी रकाना रिकामाच, आणि कारणं चार वेगळी. गहाळ माहितीचा धडा मी दरवर्षी फळ्यावर शिकवते. डोनाल्ड रुबिन यांनी १९७६ मध्ये केलेली वर्गवारी मुलांना पाठ असते: कोणती माहिती निव्वळ योगायोगाने गळते, कोणती आपल्याजवळ असलेल्या दुसऱ्या माहितीवरून उलगडते, आणि कोणती नेमकी जे मोजायचं आहे त्याच कारणाने गळते. तरी तो धडा त्यांच्या अंगात भिनला तो त्या टेबलाशी. 'तारीख नसल्यास कारण' असा एक रकाना वाढवावा असं त्यांनी सुचवलं आणि बाईंनी तिथल्या तिथे पट्टी घेऊन तो आखला.

पण त्या बॅचला मूळ प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही. नव्या रकान्यात नोंदी साठायलाच वेळ लागणार होता, आणि सेमिस्टर संपलं. उत्तर दिसायला लागलं ते पुढच्या बॅचला. म्हणून माझं ठाम मत झालं आहे की अशा पेपरात मुलांनी किती तास घातले यापेक्षा विभाग त्या जागी किती वर्षं टिकतो हे महत्त्वाचं. मुलं येणार आणि जाणार, ते त्यांचं वयच आहे. विभागाने जाऊ नये.

आता मला तुमच्याकडून हवं आहे ते असं. गुण नक्की कशाचे द्यावेत? सक्ती करावी का? आणि संस्थांच्या बाजूने हे सगळं कसं दिसतं?

वही_पेन

मॅडम, मी विद्यार्थी आहे, आणि असे दोन पेपर केले आहेत, दोन वेगळ्या शिक्षकांकडे. गुणांबद्दल लिहितो.

पहिल्या पेपरात दर आठवड्याला अनुभवाची डायरी लिहायची होती. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच सगळ्या वर्गाला कळलं की काय लिहिलं की गुण मिळतात. 'आज मला समाजाची खरी जाणीव झाली', 'यांच्याकडे काही नसूनही ते किती समाधानी आहेत', असली वाक्यं. कोणी ठरवून खोटं लिहीत होतं असं नाही, पण प्रश्नच तसा होता. 'तुम्हाला काय वाटलं?' असं विचारलं आणि त्याला गुण ठेवले की मुलं योग्य ते वाटून घेतात.

दुसऱ्या पेपरातल्या बाईंनी भावना विचारल्याच नाहीत. त्यांचा दर आठवड्याचा प्रश्न एकच असायचा: या आठवड्यात तिथे पाहिलेली अशी एक गोष्ट लिहा, जी वर्गात वाचलेल्या सिद्धान्तात बसत नाही, आणि का बसत नाही ते सांगा. हे फार अवघड असतं. त्यासाठी सिद्धान्तही नीट वाचावा लागतो आणि तिथे डोळे उघडे ठेवून बसावंही लागतं. मी जे काही शिकलो ते त्या पानांत शिकलो.

संख्यारेषा

वही_पेन, तुमचा दुसऱ्या पेपरातला प्रश्न मी उचलते आहे, आधीच सांगून ठेवते. जॅनेट आयलर आणि ड्वाइट जाइल्स यांनी १९९९ मध्ये या प्रकारच्या शिक्षणाचा मोठा अभ्यास मांडला, त्यातही हेच पुढे आलं होतं. नुसतं काम केल्याने विषयाची समज आपोआप वाढत नाही. केलेल्या कामाचा विषयाशी सांधा जुळवून घेणारं चिंतन नियमितपणे व्हावं लागतं. गुण त्या सांध्याला द्यायचे. तास भरल्याचे नाहीत आणि चांगुलपणाचे तर नाहीतच.

ओंजळ

मी संस्थेच्या बाजूने लिहिते. धागाकर्तीने विचारलं म्हणून लिहिते, एरवी आम्हाला हे कोणी विचारत नाही.

एका महाविद्यालयाच्या बॅचेस आमच्याकडे सलग येत होत्या. प्रत्येक बॅच नवा फॉर्म घेऊन यायची. घरात माणसं किती, शिकलेली किती, कमावती किती, शौचालय आहे का. त्याच घरांत तेच प्रश्न. एका ताईंनी शेवटी फॉर्म भरायला आलेल्या मुलीला घरात घेतलं, बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "मागच्या वेळी लिहून नेलंत, त्यात काय निघालं?" मुलगी बिचारी गप्प. तिला मागची बॅच येऊन गेल्याचंच माहीत नव्हतं. तिचा काय दोष? तिच्या विभागाने मागचे फॉर्म कपाटात ठेवले होते आणि ते कोणाला सांगितलं नव्हतं.

मुलांना वस्तीची ओळख करून देणं, कुणाशी काय बोलावं, काय विचारू नये हे सांगणं, सुरुवातीला सोबत फिरणं, यात आमच्या कार्यकर्त्यांचे आठवडे जातात. मुलं जरा रुळतात, लोक त्यांना नावाने हाक मारायला लागतात, तोवर परीक्षा येते. मग फोनही येत नाही. लहान मुलांच्या अभ्यासवर्गाचं तर फारच वाईट वाटतं. ती पोरं विचारत राहतात की दादा कधी येणार.

शेवटी आम्ही एक नियम केला. मागच्या बॅचने जे नेलं ते एका पानावर, लोकांना कळेल अशा भाषेत, वस्तीच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय नवा फॉर्म वस्तीत येणार नाही. काही विभाग त्यानंतर आलेच नाहीत. जे आले त्यांच्याबरोबर काम छान चाललं आहे.

आणि प्रश्न आमच्याकडून घ्या. आमच्याकडे प्रश्नांची वाण नाही.

मृद्गंध

ओंजळ, तुमचा शब्दन् शब्द पटला. तुमचा नियम किती जुन्या विचाराशी जुळतो ते सांगावंसं वाटतं. रॉबर्ट सिग्मन यांनी १९७९ मध्ये या शिक्षणाची तीन तत्त्वं मांडली. ज्यांच्यासाठी काम चाललं आहे, त्या कामाची सूत्रं त्यांच्याच हातात असावीत. त्या कामातून त्यांची स्वतःची ताकद वाढावी. आणि काम करणारेही शिकणारेच असल्यामुळे काय शिकायचं यात त्यांचाही मोठा वाटा असावा. हा क्रम मुद्दाम पाहण्यासारखा आहे. विद्यार्थी तिसऱ्या तत्त्वात येतो. आपल्याकडचे आराखडे बहुतेक वेळा त्याच्यापासूनच सुरू होतात आणि पहिली दोन तत्त्वं प्रस्तावनेत उरकतात.

प्रश्न लोकांकडून घेण्याचं सर्वांत नेटकं रूप मला नेदरलँड्समधल्या 'विज्ञान दुकानां'त दिसतं. ही १९७० च्या दशकात तिथल्या विद्यापीठांतून सुरू झाली. ज्या गटांकडे संशोधन करून घ्यायला पैसे नाहीत, असे रहिवासी संघ, पर्यावरण गट, कामगार, आपला प्रश्न घेऊन या कार्यालयात यायचे. कार्यालय तो प्रश्न अभ्यासता येईल अशा रूपात बसवून द्यायचं, योग्य प्राध्यापक शोधायचं आणि विद्यार्थी तो आपल्या अभ्यासाचा भाग म्हणून सोडवायचे. प्रश्न येण्यासाठी दार कायम उघडं, आणि दाराशी कायम कोणीतरी बसलेलं. संख्यारेषा म्हणतात तो 'टिकणारा विभाग' म्हणजे व्यवहारात हेच असावं.

जुनी_पाने

वाचतो आहे, फार चांगली चर्चा. टिकण्याच्या मुद्द्यावर थोडा इतिहास लिहितो, कारण या शिक्षणाची मुळं तिथेच आहेत असं मला वाटतं.

लंडनमध्ये १८८४ मध्ये सॅम्युअल आणि हेन्रिएटा बार्नेट यांनी टॉयनबी हॉल सुरू केलं. ऑक्सफर्ड-केंब्रिजचे तरुण तिथे गरीब वस्तीत येऊन राहायचे. भेट द्यायला नाही, राहायला. ते पाहून जेन अ‍ॅडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी १८८९ मध्ये शिकागोत हल हाउस काढलं. तिथल्या रहिवासी कार्यकर्त्यांनी १८९५ मध्ये आजूबाजूच्या वस्तीचे नकाशे छापले. प्रत्येक घरात कोणत्या देशातून आलेले लोक राहतात, त्यांची आठवड्याची मजुरी किती, हे रंगांनी दाखवलेले नकाशे. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने आजही पाहावेत असं ते काम आहे. वस्तीत राहणाऱ्या माणसांनी ते केलं होतं, म्हणून ते तितकं बारकाईने झालं.

रवींद्रनाथांनी १९२२ मध्ये लेनर्ड एल्महर्स्ट यांना सोबत घेऊन श्रीनिकेतन उभं केलं, तेही शांतिनिकेतनच्या हाकेच्या अंतरावर. विद्यापीठ आणि गावांसाठीचं काम शेजारी शेजारी, कायमचं.

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्युई यांचा तर हल हाउसशी जवळचा संबंध होता. अनुभवातून शिक्षण म्हटलं की सगळे त्यांचं नाव घेतात. पण १९३८ मध्ये त्यांनीच बजावून सांगितलं होतं की प्रत्येक अनुभव शिकवतोच असं नाही, काही अनुभव पुढच्या शिकण्याची वाट अडवतात. चार दिवस वस्ती पाहून 'हे लोक असेच' असं मत घेऊन परतणारा विद्यार्थी न गेलेल्यापेक्षा मागे गेलेला असतो.

आणि विचारवंत इव्हान इलिच यांचं १९६८ मधलं भाषण. समोर बसले होते मेक्सिकोत सेवा करायला निघालेले अमेरिकन विद्यार्थी. इलिच यांनी त्यांना तोंडावर सांगितलं की पाहायला या, शिकायला या, पण आमचं भलं करायला येऊ नका. ज्यांची भाषा तुम्हाला येत नाही त्यांना तुम्हाला 'नको' म्हणण्याचीही सोय नसते, हा त्यांचा मुद्दा मला आजही अस्वस्थ करतो. ओंजळ यांच्या वस्तीला निदान 'आधीचं काय झालं' असं विचारण्याची जागा आहे. बऱ्याच ठिकाणी तीही नसते.

शेवटचा_बाक

माझं मत थोडं वेगळं आहे. कल्पनेला विरोध नाही, सक्तीला आहे.

माझ्या वर्गात निम्मी मुलं दुपारनंतर कुठे ना कुठे नोकरी करतात. वर्गाचे तास ठरलेले असतात म्हणून ती दोन्ही जमवू शकतात. वस्तीतलं काम संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी असतं, कारण लोक तेव्हाच घरी भेटतात. मग या मुलांनी काय करायचं? घरून पैसे येणारा मुलगा आरामात जाईल, भरपूर वेळ देईल आणि जास्त गुण घेईल. शिवाय वस्तीबद्दल आपण असं बोलतो आहोत जणू ती वर्गाच्या बाहेरच असते. वर्गातली काही मुलं त्याच वस्तीतून आलेली असतात. आपल्याच शेजारच्या घराचं 'निरीक्षण' वर्गात सादर करताना त्यांना काय वाटत असेल, याचा विचार आराखड्यात कुठे असतो?

दुसरं म्हणजे अभ्यासक्रम. सांख्यिकीचे पाच धडे शिकवायचे तिथे तीन झाले, तर पुढच्या पेपराला मुलं अडतात. याचं उत्तर कोणीतरी द्यावं.

संख्यारेषा

शेवटचा_बाक, तुमच्या प्रतिसादाबद्दल मनापासून आभार. दोन्ही मुद्दे खरे आहेत.

वेळेबाबत आम्ही ठरवतो आहोत ते असं: वस्तीतले तास वेळापत्रकातच धरायचे आणि त्या दिवशी इतर तासिका ठेवायच्या नाहीत. प्रवासखर्च विभागाचा. आणि सगळ्यांनी वस्तीत फिरलंच पाहिजे असंही नाही. रजिस्टरच्या उदाहरणात निम्मं काम टेबलावर बसून नोंदी तपासण्याचं होतं. तेही तितकंच वस्तीचं काम आहे, आणि नोकरी करणाऱ्या मुलांनी ते फार चोख केलं.

त्याच वस्तीतून आलेल्या मुलांबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून मी थांबले. हे आमच्या आराखड्यात अजिबात नव्हतं. त्यांना निरीक्षक करण्याऐवजी प्रश्न ठरवण्याच्या टप्प्यावर बोलावता येईल, अर्थात त्यांची इच्छा असेल तर. आपण कुठले हे जाहीर करण्याची सक्ती मात्र कुणावरही नको.

दूरचा_डोंगर

सक्तीवरून आठवलं. मेक्सिकोत पदवी मिळवायला 'सामाजिक सेवा' करावीच लागते. वैद्यकीय विद्यार्थ्यांपासून १९३६ मध्ये सुरुवात झाली, १९४५ मध्ये कायदा झाला. किमान ४८० तास, निदान सहा महिन्यांत पसरलेले. म्हणजे सक्ती राबवता येते, आणि देशभर राबवता येते. पण तास मोजणारी सक्ती आणि शिकणं मोजणारा पेपर हे दोन वेगळे प्रकार आहेत. आपल्या विद्यापीठांना पहिला सोपा वाटतो, कारण हजेरीपट भरला की काम झालं. संख्यारेषांच्या विभागाने या मोहात पडू नये.

डॉ_कडुनिंब

नर्सबाईंचा प्रसंग वाचून राहवलं नाही. वैद्यकीय शिक्षणात याची एक फार मोलाची परंपरा आहे. दक्षिण आफ्रिकेत फोलेला या ग्रामीण भागात सिडनी आणि एमिली कार्क यांनी १९४० मध्ये आरोग्य केंद्र काढलं. रुग्ण येण्याची वाट पाहण्याऐवजी ठरावीक टापूतल्या घरांची आरोग्य-गणना ते दरवर्षी करायचे आणि त्यावरून संपूर्ण वस्तीचं निदान मांडायचे. पुढे हीच पद्धत त्यांनी डर्बनमधल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या शिक्षणात आणली. त्यांच्या नोंदींना अर्थ आला, कारण त्या वर्षानुवर्षं त्याच घरांच्या होत्या.

त्रिज्या

अभियांत्रिकीकडून एक व्यवहारी उत्तर. पर्ड्यू विद्यापीठात १९९५ पासून 'एपिक्स' नावाचा उपक्रम चालतो. विद्यार्थ्यांचे गट स्थानिक संस्थांसाठी उपकरणं, सॉफ्टवेअर वगैरे तयार करतात, आणि त्याचं क्रेडिट मिळतं. त्यातली युक्ती अशी की एकाच गटात पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंतची मुलं असतात आणि एकच विद्यार्थी अनेक सेमिस्टर त्यात राहू शकतो. त्यामुळे प्रकल्प सेमिस्टरच्या कात्रीत सापडत नाही. जुनी मुलं जातात तेव्हा त्यांच्या हाताखाली तयार झालेली मुलं गटात असतातच.

आमच्या विभागात इतकी मोठी रचना नाही. आम्ही एवढंच केलं की शेवटच्या गुणांतला एक वाटा हस्तांतराच्या फाइलला ठेवला. फाइल कशी आहे हे शिक्षक ठरवत नाहीत, पुढची बॅच ठरवते. त्यांना ती वाचून पहिल्याच आठवड्यात काम सुरू करता आलं का, कुणाला कुठल्या वेळी फोन करायचा नाही हेसुद्धा त्यात आहे का, अर्धवट राहिलेलं काय ते स्पष्ट लिहिलं आहे का. निकाल आधी लागलेला असतो, त्यामुळे हा वाटा पुढच्या सेमिस्टरच्या गुणांत धरतो. परीक्षा विभागाला समजवायला वेळ लागला, पण फायली सुधारल्या.

ओंजळ

>>कुणाला कुठल्या वेळी फोन करायचा नाही<<

त्रिज्या, या एका ओळीसाठी तुम्हाला नमस्कार. आमच्या इथे बचत गटाच्या ताईंना ऐन कामाच्या वेळी मुलाखतीसाठी फोन येतात. ताई नाही म्हणत नाहीत, काम टाकून बोलतात.

पारा_नलिका

>>सांख्यिकीचे पाच धडे शिकवायचे तिथे तीन झाले<<

शेवटचा_बाक, मी रसायनशास्त्र शिकवतो. धडे कमी होतात हे खरं, पण कधी कधी एकच प्रश्न तीन विषयांचे धडे एकत्र शिकवून जातो. अमेरिकेतल्या फ्लिंट शहराचं प्रकरण मी याच कारणासाठी वर्गात घेतो.

एप्रिल २०१४ मध्ये शहराने नळाच्या पाण्याचा स्रोत बदलून फ्लिंट नदीचं पाणी घ्यायला सुरुवात केली. पाण्याने जुने नळ कुरतडू नयेत म्हणून जे रसायन घालायला हवं होतं ते घातलं गेलं नाही आणि नळांतलं शिसं पाण्यात उतरायला लागलं. लोक गढूळ पाण्याच्या बाटल्या घेऊन बैठकांना जात होते, आणि पाणी ठीक आहे असं त्यांना सांगितलं जात होतं. २०१५ मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठातल्या गटाने, त्यात विद्यार्थी मोठ्या संख्येने होते, ३०० नमुना संच रहिवाशांना पाठवले. प्रत्येक संचात तीन बाटल्या. निदान सहा तास बंद ठेवलेल्या नळाचं पहिलं पाणी एकीत, ४५ सेकंद नळ वाहू दिल्यावरचं दुसरीत, दोन मिनिटांनंतरचं तिसरीत. नमुने लोकांनीच घेतले. पहिल्या बाटलीत घरातल्या नळाची हकीकत कळते, पुढच्या बाटल्यांत आतल्या पाइपांची. गंजण्याचं रसायनशास्त्र शिकवायला याहून चांगलं प्रात्यक्षिक मला माहीत नाही.

आणि आता सांख्यिकी. तिथला नियम असा होता की नमुन्यांचा नव्वदावा शततमक (शंभरातले नव्वद नमुने ज्या आकड्याच्या आत बसतात तो आकडा) अब्ज भागांत १५ भाग शिशाच्या वर गेला तर कारवाई करायची. सरकारी तपासणीत ७१ नमुने होते. त्यांतले दोन वगळले गेले. एका घरात पाणी गाळायचं यंत्र होतं म्हणून, आणि दुसरा नमुना राहत्या घरातला नव्हता म्हणून. दोन्हींत शिसं जास्त होतं. ते दोन गेल्यावर शततमक १५ च्या खाली आला आणि कारवाईची गरज उरली नाही. विद्यार्थ्यांना मी सगळे आकडे देतो आणि दोन नमुने काढून, घालून शततमक काढायला लावतो. वहीत मांडलेल्या त्या दोन ओळींमागे मुलांचं रक्त आणि मेंदू होता, हे कळल्यावर शततमक कोणी विसरत नाही.

संख्यारेषा, तुमचा रिकामा रकाना आणि हे वगळलेले नमुने एकाच धड्यात घेता येतील.

संख्यारेषा

घेणारच! वगळण्याचा नियम नमुने पाहण्याआधी लिहून ठेवायचा असतो, हे मी तोंडी सांगत आले. आता या दोन ओळी फळ्यावर लिहून दाखवीन.

न्यायान्याय

अजून एका वेगळ्या रचनेबद्दल लिहिते, कारण आतापर्यंतच्या सगळ्या उदाहरणांत विद्यार्थी लोकांकडे जातात किंवा त्यांचे नमुने तपासतात. लोकच वर्गात विद्यार्थी म्हणून बसले तर?

फिलाडेल्फियातल्या टेंपल विद्यापीठातल्या लोरी पोम्पा यांनी १९९७ मध्ये तुरुंगात एक पेपर सुरू केला. विद्यापीठाचे विद्यार्थी आणि कैदी एकाच वर्तुळात बसून सबंध सेमिस्टर तोच अभ्यासक्रम शिकतात. कल्पना मुळात एका कैद्याच्याच सूचनेतून आली. नियम कडक आहेत: एकमेकांना फक्त पहिल्या नावाने हाक मारायची, कोणी कशासाठी आत आहे ते विचारायचं नाही, पेपर संपल्यावर संपर्क ठेवायचा नाही. वाचताना शेवटचा नियम कठोर वाटतो. पण मी तो समजू शकते. ओंजळ म्हणतात तशी वाट पाहणारी पोरं मागे ठेवण्यापेक्षा पहिल्याच दिवशी 'आपली भेट इतक्या आठवड्यांची' हे स्पष्ट सांगणं जास्त प्रामाणिक आहे.

म्हणजे टिकायचं विभागाने. आणि विद्यार्थ्याने आपण टिकणार नाही हे सुरुवातीलाच सांगायचं.

वही_पेन

न्यायान्याय, हे आम्हाला कोणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं. शेवटच्या दिवशी 'परत येऊ' असं सगळेच म्हणतात. तेव्हा ते खरंच वाटत असतं.

शेवटचा_बाक

पारा_नलिका, तुमचं उदाहरण पटलं, वर्गात वापरीन. सक्तीबद्दलचं माझं मत मात्र कायम आहे. संख्यारेषा, निदान पहिली दोन वर्षं पर्यायी पेपर ठेवा.

संख्यारेषा

पर्यायाची मागणी मी बैठकीत मांडणार आहे. मला ती योग्य वाटते.

या धाग्यावरून घेतलेल्या गोष्टी मसुद्यात लिहून टाकल्या आहेत. पेपराचा प्रश्न संस्थेकडून येईल आणि सेमिस्टर सुरू होण्याआधी संस्थेच्या बैठकीत पक्का होईल. निष्कर्षाचं एक पान तिथे वाचून दाखवल्याशिवाय निकाल लागणार नाही. हस्तांतराच्या फाइलचे गुण पुढची बॅच देईल. संस्थेतल्या ज्या व्यक्तीचा वेळ मुलांना शिकवण्यात जातो तिला मानधन मिळेल, आणि ते शिक्षकांच्या तासिकेच्या दराने. या शेवटच्या कलमावर सर्वांत जास्त वाद होणार हे दिसतं आहे, पण त्यावर मी मागे हटणार नाही. नर्सबाईंनी त्या दिवशी जे शिकवलं ते शिकवणंच होतं.

ओंजळ, तुम्हाला एक विचारायचं होतं. सुट्टीच्या महिन्यांत विभागाकडून कोण संपर्कात असलं तर तुम्हाला सोयीचं? मी संशोधन सहायकाचं नाव सुचवणार होते.

ओंजळ

सहायक बदलत राहतात, संख्यारेषा. विभागाच्या कार्यालयातलं कायमचं माणूस द्या. कारकून असले तरी चालतील. फोन उचलणारा तोच आवाज असला आणि मागच्या वेळी काय ठरलं होतं ते त्यांच्या वहीत लिहिलेलं असलं, की आम्हाला पुरतं.

संख्यारेषा

आमच्या कार्यालयातल्या एका बाईंना आजच विचारलं. त्या तयार आहेत, आणि 'पहिल्या भेटीला मुलांबरोबर मीही येईन' असं त्या स्वतःच म्हणाल्या. मसुद्यात त्यांचं पद लिहिते आहे, म्हणजे उद्या त्या निवृत्त झाल्या तरी जागा रिकामी राहणार नाही. मानधनाचं काय ठरतं ते बैठक झाल्यावर इथेच कळवते.